लिथुआनियाचे युद्धोत्तर विस्थापन आणि पुढच्या पिढ्या

वाचनवेल्हाळ, विलेपार्ले

पार्ल्यातील आमच्या वाचकगटात युरोपातील युद्धोत्तर विस्थापनावर चर्चा होणार असून लिथुआनियाचा भाग माझ्याकडे आला आहे. सोव्हिएत संघाने जून १९४० मध्ये देशाचा ताबा घेतला, १९४१ पासून तो जर्मनांच्या हाती गेला आणि १९४४ मध्ये लाल सेना परत येऊ लागताच हजारो कुटुंबे पश्चिमेकडे निघाली, इथपर्यंतचा घटनाक्रम मला ठाऊक आहे. अडते ते पुढे. ही कुटुंबे अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात स्थिरावली, त्यांच्या मुलांनी तिथेच संसार थाटले, तरी शिकागोत जन्मलेल्या नातवंडांनाही शनिवारच्या लिथुआनियन शाळेत पाठवले जाते, ते कशामुळे? आणि ज्यांना सायबेरियात नेले गेले त्यांच्या घरांतही हा वारसा असाच पोहोचला का? जाणकारांनी कृपया सविस्तर लिहावे.

माहीमकर

पश्चिमेकडे गेलेल्यांविषयी लिहितो. युद्ध संपले तेव्हा जर्मनीतील छावण्यांत सुमारे साठ हजार लिथुआनियन होते. सोव्हिएत नागरिकांना परत पाठवण्याचे याल्टा येथील दोस्त राष्ट्रांच्या बैठकीत ठरले होते. परंतु अमेरिकेने लिथुआनिया, लाटव्हिया आणि एस्टोनिया या बाल्टिक देशांचे सोव्हिएत संघातील विलीनीकरण १९४० मध्येच अमान्य केले होते आणि त्यामुळे या लोकांना सक्तीने परत धाडले गेले नाही. पुढचे सारे या एका निर्णयावर उभे आहे. हानाऊ, आउग्सबुर्ग, केम्प्टन अशा ठिकाणच्या छावण्यांत शिक्षक, डॉक्टर, धर्मगुरू मोठ्या संख्येने होते. त्यांनी शाळा उघडल्या, वृत्तपत्रे काढली, गायनवृंद उभे केले; तिन्ही बाल्टिक देशांच्या विद्यार्थ्यांसाठी १९४६ मध्ये हॅम्बुर्गला विद्यापीठही सुरू झाले. अन्न मोजून मिळत असताना माणसांनी व्याकरणाची पुस्तके छापली, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

त्यानंतर पांगापांग झाली. ऑस्ट्रेलियाने १९४७ पासून दोन वर्षांच्या मजुरीच्या करारावर माणसे नेली, तर विस्थापितांसाठीच्या १९४८ च्या कायद्यानंतर अमेरिकेत सुमारे तीस हजार जण गेले. आपण लवकरच परतणार आहोत, अशी या सर्वांची ठाम समजूत होती. परदेशस्थ लिथुआनियनांच्या १४ जून १९४९ च्या सनदेत लिथुआनियन माणूस जगात कुठेही लिथुआनियनच राहतो, असे जाहीर केले गेले आणि मुलांना भाषा शिकवणे हे देशकार्य ठरले. आपल्या प्रश्नाचे उत्तर मला इथे दिसते: त्या मुलांकडे घर सोडल्याची आठवण नव्हती, परंतु घर सांभाळून ठेवण्याची जबाबदारी होती. वाल्दास अदाम्कुस १९४४ मध्ये तरुणपणी देश सोडून गेले, अमेरिकेत त्यांनी पर्यावरण खात्यात दीर्घकाळ नोकरी केली आणि १९९८ मध्ये ते स्वतंत्र लिथुआनियाचे राष्ट्राध्यक्ष झाले. अशी संधी फार थोड्यांना मिळाली. बहुतेकांची हाडे शिकागोच्या मातीतच राहिली.

मृणाल स., समुपदेशक

माहीमकरांचे म्हणणे मान्य आहे, मात्र हद्दपार झालेल्यांच्या घरांतील चित्र जवळजवळ उलटे होते. १४ जून १९४१ च्या सुमारास सतरा हजारांवर माणसे मालगाड्यांत भरून अल्ताई आणि उत्तरेकडे नेली गेली. मे १९४८ मधील एकाच मोहिमेत सुमारे चाळीस हजार माणसे उचलली गेली. १९४१ ते १९५२ या काळातील एकूण आकडा सुमारे एक लाख तीस हजार असून त्यांत स्त्रिया आणि मुले अधिक होती. सुमारे अठ्ठावीस हजार जण तिकडेच दगावले. स्टालिनच्या मृत्यूनंतर लोक परतू लागले, तेव्हा त्यांच्या घरांत दुसरे कुणी राहत होते आणि अनेकांना मायदेशी वास्तव्याची परवानगीच नव्हती. सायबेरियाचा उल्लेख मुलांच्या शिक्षणाला आणि नोकरीला बाधू शकत होता, त्यामुळे आईवडील गप्प राहिले. दालिया ग्रिंकेविच्यूते चौदाव्या वर्षी सायबेरियाच्या उत्तरेकडील लापतेव्ह समुद्राच्या किनारी नेली गेली. तिथून पळून आल्यावर तिने लिथुआनियातील कौनस शहरात आठवणी लिहिल्या आणि बरणीत घालून बागेत पुरल्या. त्या सापडल्या १९९१ मध्ये, तिच्या मृत्यूनंतर.

व्हिल्नियस विद्यापीठातील मानसशास्त्रज्ञ दानुते गायलियेने यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा कुटुंबांचा अभ्यास केला आहे. छळ सोसलेल्यांमध्ये पन्नास वर्षांनंतरही आघाताची लक्षणे इतरांपेक्षा अधिक आढळली. या न बोलण्याविषयी माझ्या कामातून मला एवढे नक्की सांगता येते की, कारण न सांगता दिलेली भीती मुलाला स्वतःचाच दोष वाटू लागते. म्हणूनच १९८९ च्या उन्हाळ्यात नातेवाइकांनी सायबेरियातून अस्थी आणून गावी पुरल्या, आणि २००६ पासून तरुणांचे गट तिकडच्या कबरींची डागडुजी करायला जाऊ लागले, त्याला मी फार महत्त्व देते.

कविता, मुलुंड

माझ्या सासूबाईंचे बालपण उल्हासनगरच्या कॅम्प क्रमांक चारमध्ये गेले. लष्करी बराकींत वसलेल्या त्या वस्तीतही शाळा आणि दुकाने लगेच उभी राहिली, तरीही तुलना जपून करावी असे मला वाटते. सिंधी कुटुंबांना इथे नागरिकत्व मिळाले आणि सिंधमध्ये परतण्याचा विचार हळूहळू मागे पडला. लिथुआनियनांनी परतीचा दावा पन्नास वर्षे सोडला नाही, म्हणून त्यांच्या मुलांवरचा भार वेगळा होता. आपल्याकडची अधिक जवळची आठवण कोल्हापूरजवळच्या वळिवड्याची आहे. १९४३ ते १९४८ या काळात तिथे राहिलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक त्याच सोव्हिएत हद्दपारीतून सुटून आले होते. वाचकगटासमोर हा धागा अवश्य ठेवावा.

माहीमकर

एक अवघड बाजू राहिली, ती टाळणे योग्य होणार नाही. जर्मन ताब्याच्या काळात लिथुआनियातील सुमारे दोन लाख ज्यूंपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक मारले गेले आणि त्यांत स्थानिकांचाही हात होता. परागंदा समाजाच्या कहाणीत हे प्रकरण बराच काळ नव्हते. सोव्हिएतांनी १९४७ मध्ये मृत्युदंड दिलेल्या योनास नोरेइका यांना वीर मानले जात असे. परंतु त्यांनी १९४१ मध्ये शाउल्याई जिल्ह्याचे प्रमुख असताना ज्यूंना बंदिस्त वस्तीत (घेट्टोत) कोंडण्याच्या आदेशांवर सह्या केल्याचे त्यांच्या शिकागोत जन्मलेल्या नातीनेच जगासमोर मांडले. व्हिल्नियसमधील त्यांचा स्मृतिफलक २०१९ मध्ये उतरवला गेला, तेव्हा मोठा वाद झाला आणि काही आठवड्यांत समर्थकांनी नवा फलक लावला. वारशात काय मिळाले हे तपासण्याचे धैर्य तिसऱ्या पिढीतून आले, हे मला आदराने नोंदवावेसे वाटते.

वाचनवेल्हाळ, विलेपार्ले

सर्वांचे मनःपूर्वक आभार. माझी मांडणी आता बोलक्या आणि गप्प घरांच्या फरकावर उभी राहील. नागरिकत्वाचा प्रश्नही या पिढ्यांशी जोडलेला आहे का?

माहीमकर

होय. ११ मार्च १९९० पूर्वी, म्हणजे स्वातंत्र्य पुन्हा जाहीर होण्याआधी, देश सोडलेल्यांच्या वंशजांना दुहेरी नागरिकत्व मिळू शकते, परंतु त्यानंतर कामासाठी गेलेल्यांना ते सहसा मिळत नाही. ही अट सैल करण्यासाठी २०१९ आणि २०२४ मध्ये सार्वमत झाले. मतदान करणाऱ्यांत बहुमत बाजूने होते, तथापि एकूण मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते आवश्यक असल्याने दोन्ही वेळा प्रस्ताव फेटाळला गेला.