कशेळीचा हत्ती, बारसूचे वाघ : सोसायटी ग्रुपवरची रविवारची चर्चा

ए-१०३ : नमस्कार मंडळी. शनिवारी पहाटे राजापूरला निघतोय, चार दिवस. धूतपापेश्वर, आडिवरे, कशेळीचा कनकादित्य ठरलंय. बी-३०२ काका, तुमचं गाव त्याच बाजूला ना? मुलांना देवळांचा कंटाळा येतो, आणखी काय दाखवू?

बी-३०२ : कशेळीला जाताय तर देवळातून तसेच परत फिरू नका. सड्यावर, म्हणजे वरच्या उघड्या कातळाच्या माळावर जा. जांभ्या कातळात कोरलेला हत्ती आहे, साधारण १८ मीटर लांब आणि १३ मीटर रुंद. आपलं पार्किंग पुरणार नाही त्याला. त्या हत्तीच्या पोटात आणखी कितीतरी लहान प्राणी कोरलेत. मुलांना ते शोधायला सांगा, दोन तास कुठे गेले कळणार नाही.

सी-४०१ : हेच का ते, परग्रहावरच्या लोकांनी काढलेलं? मला एक व्हिडिओ आला होता. टाकू?

बी-३०२ : ताई, तो नका टाकू. राग मानू नका, पण ते चित्र कुणा माणसाने उन्हात बसून, दगडाने दगड ठोकत काढलंय. त्याचं श्रेय त्याच्याकडून का काढून घ्यायचं?

डी-५०१ : किती जुनी आहेत ही?

बी-३०२ : तिथेच सगळं अडतं. कार्बन कालमापनाला कोळसा, हाड, लाकूड असं काहीतरी लागतं. नुसत्या कोरलेल्या रेषेचं वय त्यातून निघत नाही. उत्खननात मातीचे थर मोजतात, पण उघड्या कातळावर माती साचतच नाही. त्यामुळे अभ्यासकांचे अंदाज थेट मध्याश्मयुगापर्यंत, दहा-बारा हजार वर्षं मागे जातात. रत्नागिरीचे सुधीर रिसबूड, धनंजय मराठे आणि सुरेंद्र ठाकूरदेसाई यांनी सडेच्या सडे पायी तुडवून ही कातळशिल्पं शोधली. आज आकडा हजाराच्या वर आहे. २०२२ साली युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या संभाव्य यादीत उक्षी, जांभरुण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू, देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं पणसायमळ अशी नऊ ठिकाणं गेली.

ए-१०३ : धाकटी विचारतेय, हत्तीशिवाय काय काय आहे.

बी-३०२ : वाघ, हरणं, पक्षी, मासे. मुशी (शार्क) आणि पाकट हा चपटा मासासुद्धा, म्हणजे समुद्राशी ओळख असलेली माणसं. आणि गेंडा.

ए-१०३ : गेंडा? कोकणात?

बी-३०२ : तेच तर! मला तिच्या वयात कुणी हे सांगितलं असतं तर मी सडा सोडला नसता. आज आपल्याकडे गेंडा नाही. पण गुजरातेत लांघणजला मध्याश्मयुगीन वस्तीत गेंड्याची हाडं सापडलीत. अहिल्यानगर जिल्ह्यात दायमाबादला १९७४ साली काशाचा गेंडा मिळाला. म्हणजे हा प्राणी इकडच्या माणसांना परका नव्हता. काही चित्रांत पाणघोडाही आहे असं अभ्यासकांना वाटतं, आणि पाणघोड्याचे जीवाश्म नर्मदेच्या खोऱ्यात मिळालेत. मग कोरणाऱ्याने ही जनावरं इथेच पाहिली, की दुसरीकडे पाहून डोक्यात घेऊन आला? शिकारीची जनावरं इतकी, पण नांगर नाही, पीक नाही. शेती सुरू होण्याआधीची माणसं असावीत, असं त्यावरून म्हणतात.

सचिव : उद्या टाकी सफाई आहे. सकाळी १० ते १ पाणी बंद राहील.

डी-५०१ : देवाचे गोठण्याला होकायंत्राची सुई भलतीकडे वळते म्हणतात. खरं का? मी बावीस वर्षं जहाजावर होतो, म्हणून विचारतो.

बी-३०२ : खरं आहे. तिथे एकट्या माणसाची आकृती आहे, आणि सुई फिरते ती त्याच जागी.

डी-५०१ : जांभ्यात लोह भरपूर असतं. अशा कातळावर वीज कोसळली तर तेवढ्या जागेपुरतं चुंबकत्व येऊ शकतं. सुई फिरण्याचं मला नवल नाही. पण कोरणाऱ्याकडे होकायंत्र कुठलं? त्याला ती जागा कशी कळली? की वीज पडताना त्याने पाहिली, आणि म्हणून तिथे माणूस काढला?

बी-३०२ : भाऊ, हा विचार माझ्या कधी डोक्यात आला नव्हता. दुपारपासून तेच घोळतंय.

बी-२०१ : मी शाळेत इतिहास शिकवते. बारसूला मधे माणूस आणि दोन्ही बाजूंना वाघ आहेत ना? मोहेंजोदडोच्या एका मुद्रेवर अगदी तशीच रचना आहे. एवढं अंतर, एवढा काळ. तीच कल्पना दोन ठिकाणी स्वतंत्रपणे सुचली असेल, की कुणाच्या तरी तोंडून पोचली? वर्गात दोन्ही चित्रं शेजारी लावली की मुलं गप्प होतात.

सी-४०१ : काका, तुम्ही लहानपणी पाहिली होती का ही?

बी-३०२ : पाहिली म्हणजे, त्यांवरून पळालोय. गुरं सड्यावर सोडली की आम्ही त्या रेषांवर उड्या मारायचो. आजी म्हणायची, पांडवांनी एका रात्रीत काढली. आमच्या वाडीच्या वरच्या अंगाला एक मोठी आकृती होती, पाय जोडलेला माणूस, डोक्याचा भाग झिजलेला. पुढे तिथे चिऱ्याची खाण निघाली. मी सुट्टीला गेलो तेव्हा चौकोनी खड्डा आणि ट्रकची चाकं उमटलेली. फोटो नाही, माप नाही. माझ्या वयाच्या दोघा-तिघांच्या डोक्यात आहे तेवढाच तो माणूस उरलाय. नवीन शिल्प सापडल्याची बातमी वाचली की आधी तोच आठवतो.

बी-२०१ : काका, तुम्हाला आठवतंय तसं कागदावर काढून द्या. जागा, दिशा, पावलांत लांबी. मी नीट उतरवून घेते.

बी-३०२ : काढतो. हात थरथरतो, पण काढतो.

ए-१०३, सकाळी लवकर किंवा ऊन कलल्यावर जा. तिरप्या उन्हात खाचांत सावली भरते आणि चित्र उठून दिसतं. भर दुपारी नुसता कातळ दिसेल. रेषांवर पाय नको, खडूने रंगवायचं नाही, पाणी ओतायचं नाही. चुलतभावाला फोन करून ठेवतो, तो वर घेऊन जाईल.

ए-१०३ : धाकटीने वहीत गेंडा काढून ठेवलाय. तिथला गेंडा तसाच आहे का ते बघायचंय तिला.