कॉलेजची स्टार प्लेअर कोच म्हणून चालते का? माझं मत: सेटर-लिबेरो चालतात, स्मॅशर नाही

मागची_फळी
अमेरिकन कॉलेज व्हॉलीबॉल सध्या जरा जास्तच बघणं चाललंय म्हणून हा विषय काढतोय. डॅनी बुसबूम केली घ्या. नेब्रास्का युनिव्हर्सिटीची सेटर (स्मॅशरला बॉल चढवून देणारी), आणि शेवटच्या सीझनला तिला चक्क लिबेरो (फक्त मागच्या फळीत बचाव करणारी) केलं. म्हणजे आख्खी टीम जिच्या हातावर चालायची तिला सांगितलं की आता मागे उभी रहा, पास दे, डिग काढ (समोरचा स्मॅश उचल), ब्लॉकला जायचं नाही, आणि पुढच्या झोनमधून बोटांनी सेट दिलास तर तो नेटच्या वरून कोणाला मारताही येणार नाही. दुसरी कोणी रुसून बसली असती. हिने 2006 चं नॅशनल टायटल घेतलं. मग बरीच वर्षं असिस्टंट, त्यात नेब्रास्काचं 2015 चं टायटल, 2017 पासून लुईव्हिल युनिव्हर्सिटीची हेड कोच, तिथे 2022 आणि 2024 ला फायनल, आणि 2025 ला तिथला कोच जॉन कुक रिटायर झाल्यावर थेट नेब्रास्काची खुर्ची.
माझं म्हणणं, सेटर आणि लिबेरोला सगळं कोर्ट दिसतं. स्मॅशरला फक्त बॉल आणि समोरचा ब्लॉक. म्हणून स्मॅशर मोठे कोच होत नाहीत. बोला.

तिरपा_शॉट
काहीही! त्याच 2024 च्या फायनलला समोर कोण होतं ते सोयीस्कर विसरलात का? पेन स्टेट युनिव्हर्सिटीची कोच केटी शूमाकर-कॉली. खेळताना स्मॅशर. ऑल-अमेरिकन, म्हणजे देशातल्या निवडक कॉलेज खेळाडूंपैकी. 1999 ला पेन स्टेटने पहिलं टायटल घेतलं त्या टीममधली. आणि फायनल 3-1 ने कोणी मारली? तिनेच. त्याच्या आधी सेमीफायनलला नेब्रास्काविरुद्ध 0-2 ने मागे होते, तिथून 3-2. वर त्याच सीझनमध्ये कॅन्सरची ट्रीटमेंट चालू आणि बाई बेंचवर हजर. तिला कोर्ट दिसत नाही म्हणता?

मागची_फळी
@तिरपा_शॉट अहो पण त्या फायनलला लुईव्हिलची मेन अटॅकर ॲना डिबिअर घोट्याच्या दुखापतीने बाहेर होती, सेमीफायनललाच गेली ती. ती असती तर तुम्ही आज हे उदाहरण देत नसता.

तिरपा_शॉट
असती-नसतीवर ट्रॉफी मिळत नाही भाऊ 😄 आणि 2022 च्या फायनलचं काय, टेक्सासने सरळ तीन सेटमध्ये गुंडाळलं होतं ना?

बाकावरची
तुमच्या दोघांचंही मला पटत नाहीये. पोझिशन सोडा हो. या दोघींमध्ये सारखं काय आहे ते बघा ना, दोघींनी वर्षानुवर्षं असिस्टंटची हमाली केलीय. शूमाकर-कॉलीने तर शिकागोच्या इलिनॉय युनिव्हर्सिटीची टीम सांभाळली, जिथे हॉल भरत नाही आणि टीव्हीवाले फिरकत नाहीत, मग परत येऊन पेन स्टेटला तिथला हेड कोच रस रोझच्या हाताखाली असिस्टंट, आणि तो सात टायटलं घेऊन रिटायर झाल्यावर हिला टीम मिळाली.
असिस्टंट म्हणजे काय काम असतं याची कल्पना आहे का कोणाला? मी कॉलेज लेव्हलला थोडं केलंय (अमेरिकेत नाही, पण काम तेच). समोरच्या टीमची मॅच लावायची आणि एकेक रॅली थांबवून थांबवून लिहायची. त्यांची सेटर पुढच्या फळीत असताना पास नेटला चिकटून आला की सेट न देता स्वतःच टिप मारते (बॉल हलकेच पलीकडे ढकलते) का? पास तीन मीटर लाइनच्या मागे पडला की मिडलला (नेटच्या मधल्या अटॅकरला) द्यायचं बंद करते का, आणि मग बॉल कुठे जातो, चार नंबरला (नेटच्या डाव्या टोकाला) की दोनला (उजव्या)? रोटेशन बदललं की परत पहिल्यापासून. दुसऱ्या दिवशी स्टुलावर उभं राहून आपल्या पोरींना तसेच बॉल मारायचे, खांदा निखळेपर्यंत. एवढं करून त्यातल्या दोनच गोष्टी पोरींना सांगायच्या, कारण टाइमआउटला जास्त काही डोक्यात शिरत नाही. कुठल्या दोन, हे कळणं म्हणजे कोचिंग. तिथे तुम्ही स्मॅशर होता की लिबेरो, कोणी विचारत नाही.

नेटटच
बाकावरचीला +1. कार्च किराय बघा. यूसीएलएकडून तीन कॉलेज टायटलं, 1984 आणि 1988 ला ऑलिंपिकचं इनडोअर गोल्ड, 1996 ला बीचचं गोल्ड. याच्यापेक्षा मोठा स्टार कुठून आणायचा? तरी अमेरिकेच्या महिला टीमचा हेड कोच व्हायच्या आधी 2012 च्या लंडन ऑलिंपिकपर्यंत ह्यू मॅकचनचा असिस्टंट म्हणून गप बसला. मग 2014 ला वर्ल्ड चॅम्पियनशिप आणि टोकियो ऑलिंपिकला अमेरिकन महिलांचं पहिलं इनडोअर गोल्ड.

मागची_फळी
किराय पास पण द्यायचा, डिग पण काढायचा. त्याच्या 84 च्या टीममध्ये दोघंच सगळी सर्व्हिस घ्यायचे, त्यातला एक तो. तो माझ्याच बाजूचा आहे.

तिरपा_शॉट
म्हणजे जो जिंकला तो आपोआप लिबेरो 🤦 मग वादच संपला.

सहा_नंबर
मला वेगळंच खटकतंय. एनसीएएची (अमेरिकन कॉलेज खेळांची संघटना) महिला व्हॉलीबॉल चॅम्पियनशिप 1981 ला सुरू झाली, तिच्या सगळ्यात वरच्या डिव्हिजन वनचं बोलतेय, आणि हेड कोच बाई असलेली टीम पहिल्यांदा जिंकली 2024 ला. खेळणाऱ्या सगळ्या मुली, त्यात दर वर्षी एकापेक्षा एक स्टार, आणि चाळीसच्या वर वर्षं ट्रॉफी घेऊन फोटोत हेड कोच पुरुष. यात सेटर, लिबेरो, स्मॅशर सगळ्या आल्या ना? त्यांना कोर्ट दिसत नव्हतं असं म्हणायचंय का? नोकरीच मिळत नव्हती हो. 1972 ला टायटल नाइन (शिक्षणसंस्थांत स्त्री-पुरुष भेदभावाला बंदी घालणारा कायदा) आलं, बायकांच्या खेळात पैसा आला, पगार वाढले, आणि पूर्वी बायकाच कोच असायच्या त्या खुर्च्यांवर पुरुष येऊन बसले. तेव्हा "स्टार चांगली कोच होते का" हा प्रश्न चांगला असेल, पण तिला उभं कोण करतं हे आधी विचारा.

नेटटच
@सहा_नंबर मुद्दा बरोबर, पण रस रोझ किंवा कुकने मुलींना वाईट शिकवलं असं नाही ना. या दोघी त्यांच्याच तालमीतल्या.

सहा_नंबर
वाईट शिकवलं असं कुठे म्हटलं मी? तालमीतून बाहेर पडलेल्या पन्नास जणींपैकी दोघीच दिसतात, बाकीच्या कुठे गेल्या हे विचारतेय. (पन्नास आपला अंदाजपंचे आकडा, धरून बसू नका.)

बाकावरची
त्यातल्या बऱ्याच जणी इटली-तुर्कस्तानला खेळायला जायच्या नाहीतर सरळ असिस्टंट व्हायच्या, कारण घरी प्रो लीगच धड नव्हती. कॉलेजच्या चार सीझन झाल्या की बावीसाव्या वर्षी खेळ संपला. आता 2024 ला प्रो व्हॉलीबॉल फेडरेशन आली, 2025 ला लीग वन व्हॉलीबॉल. म्हणजे आजची स्टार तिशीपर्यंत खेळणार, पैसे कमावणार. मग ती तिसाव्या वर्षी स्टुलावर उभी राहून बॉल मारत बसेल का? मला नाही वाटत. तिला नावावर थेट हेड कोच करतील आणि पहिल्या दोन सीझन पोरींचे हाल होतील.

तिरपा_शॉट
उलट प्रो खेळून आलेली बाई जास्त शिकलेली असेल. वेगवेगळ्या देशांतले कोच बघितलेले असतील, ट्रेडची (एका टीमने दुसरीला देऊन टाकण्याची) सवय, बेंचवर बसायची सवय. कॉलेजातून थेट कोचिंगला गेलेलीला एकच सिस्टीम माहिती असते.

बाकावरची
खेळताना कोच बघणं आणि रात्री दोनला व्हिडिओ कापत बसणं यात फरक आहे. पण ठीक, दहा वर्षांनी बोलू.

मागची_फळी
दहा वर्षांनी त्या लीगमधून पहिली टायटलवाली कोच येईल ती लिबेरो असेल, लिहून ठेवा.