थर्मल कॅमेऱ्याच्या टेस्टिंगमधल्या ‘कॅलिब्रेशन’ला मराठीत काय लिहावं?

मोर्शीहून: मंडळी, एक शब्द पाहिजे. भाचीसाठी इन्फ्रारेड सीन प्रोजेक्टरवर टिपण लिहून राहिलो, म्हणजे खरी गाडी, खरं मैदान समोर न आणता त्यांचं उष्णतेचं चित्र सेन्सरला दाखवणारं यंत्र. इन्फ्रारेडला अवरक्त आहेच, पण कॅलिब्रेशनला काय? ‘अंशांकन’ लिहिलं तं तिला काही उमजत नाही.

आर्णीहून: अंशांकन म्हटलं की थर्मामीटरवरच्या रेघा आठवतात भाऊ, इथलं काम निराळं आहे. ५१२ बाय ५१२ चा प्रोजेक्टर धरा, २,६२,१४४ बारीक रेझिस्टर झाले, करंट सोडला की तापतात अन् अवरक्त फेकतात. पण सगळ्यायले एकच व्होल्टेज दिलं तरी कोणी जास्त तापते कोणी कमी, मंग एकसारखं चित्र दाखवायला गेलं तं कॅमेऱ्यात ठिपके ठिपके दिसतात अन् तो दोष कॅमेऱ्याचा का प्रोजेक्टरचा हेच कळत नाही. म्हणून एकेक रेझिस्टर वेगवेगळ्या व्होल्टेजवर मोजतात, तेही मधी जागा सोडून थोडे थोडेच पेटवून, कारण शेजारच्याचा उजेड त्याच्या मोजमापात मिसळते, अन् मंग प्रत्येकाचा आपापला दुरुस्तीचा तक्ता बनवतात. याले ‘पासंग काढणं’ म्हणा ना! रिकाम्या तराजूचं एक पारडं झुकलं तं आधी पासंगच काढतो आपण.

मोर्शीहून: वा, पासंग एकदम पटला! हाच लिहितो.

चिखलीहून: थांबा दादा, पासंग लय चांगला शब्द आहे पण त्यानं अर्धंच काम होते. रेझिस्टर एकमेकांसारखे झाले, पण दाखवते ते ४० अंश खरंच ४० आहे काय? त्यासाठी तापमान पक्कं माहीत असलेली ब्लॅकबॉडी, म्हणजे त्या तापमानाला ठरलेलंच प्रारण सोडणारी काळी वस्तू, त्याच कॅमेऱ्याला दाखवून ताडून पाहावं लागते. अन् इथं रेझिस्टर स्वतः किती तापला याच्यापेक्षा सेन्सरला किती अंशांचा वाटला ते धरतात, काही प्रारण लेन्समधीही अडकते ना, म्हणून ‘भासमान तापमान’ लिहा. तर आधी पासंग काढणं, मंग ताडणं, असे दोन शब्द ठेवा. ‘प्रमाणीकरण’ मात्र नका लिहू, वाचणाऱ्याला सर्टिफिकेट वाटते.

आर्णीहून: ताईचं बरोबर आहे, ‘ताडणं’ पाहिजेच. आणखी एक, तक्त्यासोबत अवरक्ताच्या तरंगलांबीचा पट्टाही लिहा, ३ ते ५ मायक्रोमीटर का ८ ते १२. एका पट्ट्यात ताडलेलं दुसऱ्या पट्ट्यातल्या सेन्सरसाठी चालत नाही, तिथं पुन्हा ताडावं लागते.