खोडा बनवला, पण भाव सांगता येत नाई

झाडीचा_सुतार

नमस्कार मंडळी. ब्रह्मपुरीकडचा सुतार आहे. आजा बंडी-वखर बनवायचा, बाप दार-चौकटी, मी पण दार-चौकटीच, अन् पोळा जवळ आला का तान्ह्या पोळ्याचे लाकडी नंदी. प्रश्न अवघड जागचा आहे. हसायचं तं हसून घ्या, पण उत्तर द्या.

मागं वडशाच्या एका नाटक मंडळीले कैदखान्याच्या सीनसाठी खोडा करून देला होता. जुन्या काळी कैद्याचे पाय अडकवत तो. दोन फळ्या, जोडावर दोन भोकं. शिवणीच्या लाकडाचा केला होता, हलका, कारण झाडीपट्टीतली ही मंडळी दिवाळीपासून होळीपर्यंत रोज नव्या गावी सामान चढवते-उतरवते. त्याचा फोटो मी इन्स्टाग्रामवर टाकला. मग एका मोठ्या शहरातल्या जोडप्याचा मेसेज आला, असाच पाहिजे, पण मजबूत, सागाचा. मी विचारलं, कोणतं नाटक? म्हणे नाटक नाई दादा, घरीच. एकानं पाय अडकवून बसायचं, दुसऱ्यानं तळपायाले गुदगुल्या करायच्या. नवराबायकोचा राजीखुशीचा खेळ.

मी फोन पालथा ठेवून पाच मिनिटं तसाच बसलो. बायकोले सांगितलं तं ती पदर तोंडात कोंबून हसली, मग म्हणाली, "लाकूडच कापाचं आहे ना? कापा." शेजारी विचारतात त्यायले अजून नाटकाचाच खोडा सांगून रायलो.

भाव ४,५०० सांगितला. समोरून एका मिनिटात 'पाठवतो' आलं. घासाघीस न करता गिऱ्हाईक हो म्हणलं तवाच समजलो का आपण फसलो. आता हिशोब पाहा. फळ्या दोन, ३० इंच लांब, ६ रुंद, दीड जाड. घनफुटात ०.३१, चिरण अन् रंद्यात जाते ते धरून ०.४. खालची बैठक ०.३५. साग मले ३,८०० रुपये घनफुटानं पडला, म्हणजे नुसतं लाकूड २,८५०. पितळी बिजागऱ्या अन् कडी ४२०, भोकात आतून चामडं ३५०, पॉलिश अन् पॉलिशपेपर ४५०. झाले ४,०७०. चार दिवस राबलो त्याचे उरले ४३०, अन् पार्सलचं भाडं मीच भरलं.

आता त्यायच्या ओळखीनं अजून तीन जण विचारून रायले. एक मित्र म्हणे, बिनधास्त १५,००० सांग, लाजेपायी कोणी भाव करत नाई. ते मनाले पटत नाई. नंदी घ्यायले आलेल्या बाईले मी एक भाव सांगतो, अन् याले दुसरा, फक्त तो लाजते म्हणून? बरोबर किती सांगू?

पटाशीवाला, अमरावती

भाऊ, पहिला नग शिकवणीचा असतो, तो सोडून दे. पण चार दिवस कुठं गेले ते सांग. मला वाटतं तू एक रुंद फळी घेतली, भोकं पाडली अन् मग मधून चिरली. असं केलं की करवतीच्या पात्याचे दोन-तीन मिलिमीटर निघून जातात आणि भोक गोल न राहता चपटं होतं. मग कानस घेऊन बसा दिवसभर. उलटं कर. आधी दोन फळ्यांच्या कडा रंदून नीट मिळव, शिकंजात आवळ, आणि बरोबर जोडावर होल-सॉचा, म्हणजे गोल भोक पाडायच्या करवतीचा, मधला ड्रिल टेकव. दोन्हीकडं अर्धं-अर्धं भोक, पहिल्या फटक्यात. जाड प्लायचा साचा करून ठेवलास की दुसरा नग अडीच दिवसांवर येतो.

बैठक पक्की चिकटवू नकोस. कुसू-साल, म्हणजे खाचेत बसणारा जोड ठेव, लाकडी पाचर मार, फेविकॉल नको. बहुतेक कुरिअरवाले आकारही मोजतात, सेंटिमीटरमध्ये लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, भागिले ५,०००. उभा जोडून ८० बाय ४५ बाय ५० चं खोकं केलंस तर ३६ किलोचं भाडं. सुटा करून पाठवलास तर खऱ्या वजनाचं, दहा-अकरा किलोचं.

आणि तू मजुरी धरलीच नाहीस. उरलं ते माझं, याला हिशोब म्हणत नाहीत. साहित्य अधिक दिवसाची मजुरी, त्यावर वीस टक्के. पाती, लाईट बिल, बिघडलेला नग, सगळं त्या वीस टक्क्यांत.

चपडा_पॉलिश

दोनच गोष्टी. बीजाचं लाकूड स्वस्तात मिळालं तरी यात वापरू नका. त्याच्या पेल्यातलं पाणी रंग धरतं हे आपल्याकडं सगळ्यांना माहीत आहे, घामानं पायाला आणि चादरीला लागेल. आणि कच्चं जवसाचं तेल लावून लगेच पॅक केलंत तर गिऱ्हाइकाच्या हातात चिकट माल जाईल, ते कित्येक दिवस वाळत नाही. मेलामाइन पॉलिश मारा, वरून हात फिरवून पाहा.

तळवे_मुंबई

दादा, तुमच्याकडून घेतलेला नाही, पण मी असा खोडा वापरते, म्हणून लिहिते. आमच्याकडचा एका फर्निचरवाल्यानं बनवून दिला होता. दिसायला झकास. पहिल्याच दिवशी वरची फळी बंद करताना नवऱ्याच्या घोट्याची कातडी जोडात चिमटली. गुदगुल्या राहिल्या बाजूला, तो खरंच ओरडला. तर जोडाच्या आतल्या कडा चांगल्या गोल मारा, आणि फळ्या एकमेकींवर घट्ट बसू देऊ नका, मध्ये कागदाच्या पुठ्ठ्याएवढी फट ठेवा.

भोकाचं माप प्रत्येकाचं वेगळं. गिऱ्हाइकाला घोट्याच्या वर, जिथं पाय सगळ्यात बारीक असतो, तिथला घेर दोऱ्यानं मोजायला सांगा. चामड्यासकट एक बोट सहज जाईल इतकं सैल हवं. टाच मात्र मागं सरकून बाहेर येता कामा नये, कारण गुदगुल्या सुरू झाल्या की माणूस सगळ्या अंगाचा जोर पायात आणतो. बैठक हलली तर खेळ संपला. फळी दीड इंचच ठेवा.

कुलूप अजिबात देऊ नका. मागणारे मागतील. लाकडी खुंटी द्या, समोरच्याला एका हातानं उपसता येईल अशी. पायाला मुंग्या आल्या किंवा कुणी थांब म्हटलं तर किल्ली शोधत बसणं नको. आणि एकट्यानं वापरायचा नाही, हे चिठ्ठीवर मोठ्या अक्षरांत लिहा.

अजून एक. तुमच्याकडं मे महिन्यात लाकूड कडकडीत वाळतं, इथं जुलैत ते रुंदीत फुगतं. आमची कडी दर पावसाळ्यात बसत नाही. कडीला लांबट खाच ठेवा.

लाजेच्या पैशांबद्दल तुम्ही विचारलंत ते वाचून बरं वाटलं. आम्ही लाजेचे पैसे देत नाही, देऊही नयेत. पण कुसळ न लागणारी कड, मापाचं भोक आणि खोक्यावर फक्त 'लाकडी वस्तू' एवढंच लिहिणारा माणूस, यासाठी मी ११,००० आनंदानं दिले असते.

पटाशीवाला, अमरावती

ताईंचं खोक्यावरचं बरोबर आहे. फोटोही फक्त लाकडाचे टाक भाऊ, आत पाय दाखवू नकोस. आणि लाकूड डेपोचं बिल जपून ठेव, सागाचं काम आहे. महाराष्ट्राबाहेर माल जाणार असेल तर आधी सीएला विचार. आंतरराज्य विक्रीला उलाढाल छोटी असली तरी जीएसटी नोंदणी मागतात. हस्तकलेच्या काही वस्तूंना सवलत आहे, तुझी त्यात बसते का तेवढं बघून घे.

झाडीचा_सुतार

बापा रे, एवढं कोणी लिहील वाटलं नव्हतं. पटाशीवाले भाऊ, तुमी घरात डोकावून पाहिलं का काय, मी फळी मधूनच चिरली होती. ताई, पुठ्ठ्याची फट अन् दोऱ्याचं माप वहीत लिहून घेतलं. बैठकीचं पण खरं आहे, माझी हलते.

हिशोब केला. साहित्य ४,०७०, अडीच दिवस ९०० नं २,२५०, वर वीस टक्के. ७,६०० च्या आतबाहेर येते. तेवढाच सांगू?

पटाशीवाला, अमरावती

९०० ही चौकट ठोकायची मजुरी आहे. चौकटीत कुणाचा पाय अडकत नाही. १,५०० धर.

झाडीचा_सुतार

गावात १,५०० म्हणलं तं लोक चहा पण न पाजता परत धाडतील. पण गिऱ्हाईक गावचं नाई, हेही खरं. मग ९,४०० होते, भाडं वेगळं. तिघायले हाच भाव कळवतो, अन् पहिल्या जोडप्याले नवी बैठक फुकट पाठवतो, तेवढं माझ्या मनासाठी.

फक्त नंबर पोळ्यानंतरचा मिळेल. चाळीस नंदी बाकी आहेत, अन् अजून एकाचेही शिंग बसले नाई.