वाकड्या पाठीच्या मॉली ‘बलून’ म्हणून विकाव्यात का?

शेवाळ:
काळ्या मॉलीची (टाकीत पाळायचा, थेट पिल्लं देणारा मासा) एक बॅच सहा आठवड्यांची झालीय. चाळीसेक पिल्लांपैकी ७-८ आखूड अंगाची, पोट गोल, पाठ मध्येच खाली दबलेली. खातात व्यवस्थित, पण पोहताना सगळं अंग वळवळतं. आईबाप दोघेही सरळ. एक विक्रेता म्हणतो, ही बलूनच (आखूड, गोल अंगाची मॉलीची जात) आहेत, जास्त भाव देतो. हे खरंच बलून आहे की आजार? आणि विकणं बरोबर आहे का?

काचघर:
आधी वाक नीट बघा. उथळ पारदर्शक डबीत पिल्लू घ्या, मागे आणि मग खाली आलेख कागद धरून बाजूने व वरून फोटो काढा. वरून बघताना अंग ‘एस’सारखं वळलेलं दिसलं तर ते बलून नव्हे. बलूनमध्ये कणा बाजूला वळत नाही, मणके दबून अंग आखूड होतं आणि आतले अवयव कमी जागेत कोंबले जातात. म्हणजे बलून हीसुद्धा मुळात कण्याची विकृतीच, फक्त पिढ्यान्पिढ्या निवडून पक्की केलेली.

वाक येण्याची बाकीची कारणं:

क जीवनसत्त्वाची कमतरता. फ्लेक्सचा (माशांच्या सुक्या, पापुद्र्यांसारख्या खाण्याचा) पुडा उघडला की हे जीवनसत्त्व झपाट्याने कमी होतं. लहान पुडा घ्या, थंड-कोरड्या जागी ठेवा, दोनेक महिन्यांत संपवा. मात्र एकदा वाकलेलं हाड चांगल्या खाण्याने सरळ होत नाही.

गाभण मादीला फार गरम पाणी. २५-२७ अंश पुरे.

माशांचा टीबी, म्हणजे मायकोबॅक्टेरियम. यात आधी सरळ असलेला मोठा मासा नंतर वाकतो, पोट खपाटीला जातं, अंगावर जखमा होतात. अशी शंका आली तर त्या टाकीतला एकही मासा बाहेर द्यायचा नाही, वाकडा असो वा सरळ. हातावर खरचटलेलं असेल तर हातमोज्यांशिवाय पाण्यात हात घालू नका. हा जंतू माणसाच्या त्वचेतही शिरतो.

आर्टेमिया:
काचघर यांच्याशी सहमत. अनुवंशिकता तपासायला लोक वाकडी पिल्लं आपसात लावतात. त्यातून आणखी वाकडी पिल्लंच निघतात. त्याऐवजी खाणं आणि तापमान सुधारून त्याच सरळ जोडीची पुढची बॅच बघा. पुन्हा वाकडी निघाली तर दोष रक्तात आहे असं धरून जोडी कायमची तोडा. एक मेख आहे: मॉलीची मादी नराचं वीर्य अनेक महिने साठवते, त्यामुळे बाप तोच आहे हे गृहीत धरू नका. दोष नेमका कोणाकडून येतो ते कळायला नर कधीच न लागलेली मादी हवी.

विक्रीबद्दल: माझं उत्तर नाही. ‘खातात, पोहतात’ ही कसोटी फार खालची आहे. जोरात पोहता येतं का, कल्ल्यांची झाकणं पूर्ण मिटतात का, दिसतं का, मादीला पिल्लं अडकल्याशिवाय होतात का, हे विचारा. ब्लड पॅरट या संकरित माशाचं तोंड नीट मिटत नाही, अन्न घशातल्या दातांनी चिरडावं लागतं. तरी ‘हसरा मासा’ म्हणून खपतो. जास्त भाव मिळाला की पुढच्या वेळी तीच पिल्लं मुद्दाम राखली जातात. अपघाताची ‘व्हरायटी’ होते ती अशी.

दुशेपटी:
मग अर्धे गोल्डफिश बंद करा! रांचूला पाठीचा पर नाही, रिउकिनचं अंग आखूड, दुहेरी शेपटी हाही जनुकातला बदलच. शतकानुशतकं चाललंय. मॉलीवरच राग का?

आर्टेमिया:
राग नाही, पण जुनं आहे म्हणून निरुपद्रवी होत नाही. गोल्डफिशमधल्याच बबल आयची डोळ्याखालची पिशवी टोकदार दगडाला लागून फुटते, सेलेस्टियलचे डोळे वर वळलेले म्हणून समोरचं खाणं सापडत नाही. हे दोन्ही माझ्या मते पैदास करू नयेत असेच. दुहेरी शेपटीचा धडधाकट फॅन्टेल मी त्यांच्या रांगेत बसवणार नाही. तो वेगाने पोहत नाही, पण आपल्यासारख्यांच्याच टाकीत नीट जगतो. जर्मनीच्या प्राणिसंरक्षण कायद्याचं कलम ११ब नेमकं हेच विचारतं: पैदाशीमुळे त्या जिवाला वेदना, त्रास किंवा इजा होते का? रंगरूप किती विचित्र, हा मुद्दाच नाही.

शेवाळ:
पटलं. मग या ७-८ जणांचं काय करू?

काचघर:
खात-पोहत असतील आणि टीबीची लक्षणं नसतील तर वेगळ्या टाकीत ठेवा. प्रवाह मंद, पाणी फार खोल नको, खाणं थोडं थोडं दिवसातून तीनदा. नर-मादी आत्ताच वेगळे करा. पोटाखालचा पर काडीसारखा व्हायला लागला की नर. कोणाला द्यायचेच असतील तर फुकट, एकाच लिंगाचे, आणि ‘कणा वाकडा आहे, पैदास करू नका’ असं स्पष्ट सांगून.

तळाशी घसरत राहणारं, खाण्यापर्यंत पोहोचू न शकणारं पिल्लू मात्र जगवत ठेवू नका. लिटरभर टाकीच्या पाण्याला अर्धा मिली लवंग तेल: आधी छोट्या बाटलीत कोमट पाण्यात दुधाळ होईपर्यंत हलवा, मग हळूहळू ओता. कल्ल्यांची हालचाल थांबल्यावरही निदान १० मिनिटं तसंच राहू द्या, आणि मग डोक्यामागे मज्जारज्जू कापून खात्री करा. जिवंत मासा फ्रीजरमध्ये टाकणं किंवा संडासात सोडणं, दोन्ही नको.