नवऱ्याच्या पैशावरचा म्हणे स्त्रीवाद!

खडूस_काकू: एकोणिसाव्या शतकाअखेरच्या डच लेखिका सेसिल द योंगवर कालच एकाने पिंक टाकली, 'श्रीमंत नवऱ्याच्या पैशावर मिरवणारी बाई.' अहो, तेव्हा तिकडे लग्न झालेल्या बाईला नवऱ्याच्या परवानगीशिवाय साधा व्यवहार करता येत नसे. १९५६ पर्यंत टिकलं ते कलम! माहेरच्या पैशाचा कारभारही सहसा त्याच्याच हाती. मग कुणाच्या पैशावर करायचा होता स्त्रीवाद? माझी आई शाळेत शिकवायची. पगारपत्रकावर सही तिची, पाकीट मात्र न फोडता आजोबांच्या हातात. बसच्या पैशालाही हात पसरायचा. तीही मिरवत होती का?

रोखठोक: पिंक माझीच. तुमच्या आईंबद्दल आदर आहे, पण त्या नोकरी करत होत्या. सेसिलच्या १८९७ च्या कादंबरीतली हिल्डा वकील होते, वर मनाजोगता नवराही मिळवते. गिरणीतल्या बाईला काय मिळालं?

खडूस_काकू: हॉलंडला पहिली बाई वकील १९०३ साली मिळाली. त्याआधी सहा वर्षं हिने ती कागदावर उभी केली, हे काहीच नाही? आणि ती अध्यक्ष असलेल्या १८९८ च्या हेगमधल्या स्त्रीश्रम प्रदर्शनाच्या शिलकीतूनच पुढे बायकांच्या कामाची माहिती जमवणारं राष्ट्रीय कार्यालय निघालं. गिरणीतल्या बाईसाठी तुम्ही काय काढलंत?

हेगकर: त्याच प्रदर्शनात तेव्हाच्या डच वसाहतीतल्या, जावा बेटावरचं गाव उभारलं होतं, जिवंत माणसांसकट. गोऱ्या बायकांची मुक्ती नि बाकीच्यांचा तमाशा!

खडूस_काकू: जावाच्या कार्तिनीने, मुलींच्या शिक्षणासाठी झटणाऱ्या तिथल्या तरुणीने, त्याच प्रदर्शनाला बाटिक, म्हणजे मेण लावून रंगवलेलं कापड, पाठवलं होतं. हिल्डाची कादंबरी वाचून ती भारावली होती.

हेगकर: भारावून काय झालं? १९०३ मध्ये आधीच बायका असलेल्या रीजंटशी, म्हणजे डचांच्या हाताखालच्या जावानी जिल्हाप्रमुखाशी लग्न, पुढच्या वर्षी बाळंतपणात गेली. पंचविशीत.

खडूस_काकू: तेही सेसिलच्याच माथी मारा! वसाहतीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या शहरात राहून वसाहतवादावर प्रवचनं बरी सुचतात.

हेगकर: कर भरून राहतो, काकू. मुद्द्यावर या.

रोखठोक: बरं, कलम मान्य, घ्या. पण बाईंनी १८९९ मध्ये घटस्फोट घेऊन पॅरिस गाठलं, नंतर कॅथलिक झाल्या. चळवळ वाऱ्यावर. यालाही कायदाच जबाबदार असेल.

खडूस_काकू: नवऱ्याकडे राहिली तर मिरवणारी, सोडला तर पळपुटी. आधी एक काय ते ठरवा.

हेगकर: प्रदर्शनात मांडलेल्या त्या माणसांबद्दल मात्र कुणी अवाक्षर काढत नाही. चालू द्या.