व्हिएतनामी नवरे, भात आणि फो

सायगाव_रिटर्न
अडीच वर्षं सायगावला नोकरी करून आलो, एक गोष्ट डोक्यातून जातच नाही. तिथे म्हणतात, भाताचा कंटाळा आला की फो खावासा वाटतो. फो म्हणजे ते सूपवालं नूडल्स. भात म्हणजे बायको, फो म्हणजे बाहेरची. ऑफिसातले लग्न झालेले बाप्ये हे बायकांदेखत बोलायचे आणि बायकाही हसायच्या! संध्याकाळी क्लायंटला घेऊन बिअर, मग 'बिया ओम' म्हणजे शेजारी पोरगी बसवून पाजणारे अड्डे, आणि तासावर खोली देणारी 'न्हा न्गी' तर गल्लोगल्ली. पुरुष असाच असायचा हे सगळ्यांनी धरून चाललंय, बायकोनेसुद्धा. असं माझं मत.

कोकणी_मिरची
दहा बेवडे बघून अख्ख्या देशाच्या नवऱ्यांना सर्टिफिकेट देऊन मोकळे? तिथे नवऱ्याचा पगार बायकोच्या हातात जातो हे नाही दिसलं? नवरे त्यातून चोरून जे बाजूला ठेवतात त्याला 'क्वी देन', काळा फंड, असा शब्दच आहे. अशा बायका मुकाट्याने सोसतात हे मला तरी पटत नाही.

सायगाव_रिटर्न
ताई, तो काळा फंड लागतो कशाला तेही सांगा की :)

कोकणी_मिरची
मित्रांबरोबर बिअर प्यायला. सगळ्यांना फोच लागतो असं नाही.

निवांत_वकील
कायदा कुणी बघतच नाही. १९५९ साली देशाचे दोन तुकडे, उत्तरेत कम्युनिस्ट आणि दक्षिणेत राष्ट्राध्यक्षांची भावजय मॅडम न्हू, एकमेकांच्या जिवावर उठलेले, पण दोघांच्याही कायद्यात एकापेक्षा जास्त बायका करायला बंदी. आजही लग्न झालेल्याने दुसरीबरोबर संसार थाटला तर ३० ते ५० लाख डाँग दंड (ऐकायला मोठा, आपले जेमतेम दहा ते सतरा हजार रुपये) आणि त्यापायी लग्न मोडलं तर वर्षापर्यंत कैद होऊ शकते. पण संसार थाटलाय हे सिद्ध करा! तासाच्या खोलीचं काय करणार?

माई_७१
मुलाचा हट्ट विसरलात. पूर्वजांच्या देव्हाऱ्यापुढे धूप लावायला मुलगा हवा, २०१९ च्या जनगणनेत तिथे १०० मुलींमागे १११.५ मुलगे जन्मत होते. मुलीच झाल्या म्हणून दुसरं घर करणारा तिथे स्वतःला व्यभिचारी समजतच नाही, कर्तव्य म्हणतो. आणि आपण नाकं मुरडू नका, आपल्याकडे 'अंगवस्त्र' होतंच की. तिकडे खायची वस्तू, इकडे पांघरायची.

पोहेवाला
ते 'दान गेन'चे, म्हणजे मत्सरापोटी होणाऱ्या मारहाणीचे व्हिडिओ बघा. बायको मैत्रिणींना घेऊन भर रस्त्यात त्या दुसरीच्या झिंज्या उपटते, कपडे फाडते, नवरा बाजूला उभा. चोर सोडून संन्याशाला फाशी.

कोकणी_मिरची
ती काही संन्याशीण नाहीये हो. पण चोर सुटतो हे मात्र खरं, आणि रात्री जेवायला भात त्याच बायकोच्या हातचा.

सायगाव_रिटर्न
मग मी वेगळं काय म्हणत होतो?

कोकणी_मिरची
तुम्ही म्हणालात तिनेही धरून चाललंय. धरून चाललं असतं तर झिंज्या कशाला उपटल्या असत्या?